पुराणलोकीचा पेहराव

ज्या लोकांना कोणीही प्रत्यक्ष पाहिलेले नाही, ज्यांच्या मुलखाची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, आणि तरीही ज्यांनी काय नेसावे, काय ल्यावे आणि मस्तकी काय धारण करावे याविषयी साध्या शेतकऱ्याचीसुद्धा मते अत्यंत ठाम असतात, अशा लोकांचे एक विस्तीर्ण राज्य सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, सिंधुदुर्गापासून केरळातील भारतप्पुळेच्या काठापर्यंत, दरवर्षी पावसाळा सरला की रात्रीपुरते वसते. देव, दानव, गंधर्व, किरात, वानर आणि ऋषी ही त्याची प्रजा. त्यांची चरित्रे रामायण, महाभारत आणि भागवत यांनी सांगितली असली, तरी त्यांचा पेहराव त्या ग्रंथांनी फारसा ठरवून दिलेला नाही. तो ठरवला खेळियांनी, शिंप्यांनी, सुतारांनी आणि रात्रभर जागून पाहणाऱ्या गावांनी. या पेहरावाचे शिरस्ते डोळ्यांनी पाहावेत, एवढ्या एकाच हेतूने मी कोकणातून दक्षिणेची वाट धरली.

त्रिपुरी पौर्णिमा उलटली की सिंधुदुर्गातल्या ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्री पालखी देवळाभोवती फिरून झाली की दशावताराचा खेळ उभा राहतो. भात कापून मोकळ्या झालेल्या कुणग्यांतून लोक येत होते; वाटेच्या दोन्ही अंगांना खाज्याचे ढीग, काजूगर आणि ओटीचे सामान मांडलेले होते; आणि देवळाच्या मागच्या बाजूस, उघडलेल्या पेटाऱ्यांभोवती, मंडळींचे रंगणे चालले होते. येथे दुसऱ्याचा चेहरा रंगवणारा स्वतंत्र कारागीर नसतो. प्रत्येक नट हातात आरसा धरून आपला देव किंवा आपला दैत्य आपणच घडवतो. त्या रात्री राजा होणारे एक वयोवृद्ध नट मिशीची रेघ ओढीत होते. त्यांना मी विचारले की, कथेतला राजा वनवासाला निघतो, सर्वस्व हरवतो, तरी त्याचा मुकुट आणि जरीचा अंगरखा जागच्या जागी कसा राहतो? त्यांनी आरशावरची नजर न काढता उत्तर दिले, "बाबानू, मुकुट काडल्यार तेका राजा म्हणान कोण वळाखतलो?"

या उत्तरात त्या राज्याचा पहिला कायदा सांगितला गेला होता, असे मला पुढच्या प्रवासात पुन्हा पुन्हा जाणवत गेले. आपल्याकडे वस्त्र प्रसंगाच्या आज्ञेत राहते: कचेरीचे निराळे, लग्नाचे निराळे, सुतकाचे निराळे, आणि माणसाची सांपत्तिक स्थिती पालटली की त्याचे कापडही पालटते. पुराणलोकी मात्र वस्त्र प्रसंगाला बांधलेले नाही, ते स्वभावाला बांधलेले आहे. राज्य गेले म्हणून राजेपण जात नाही, आणि म्हणून मुकुटही जात नाही.

त्याच रात्री संकासुर पाहिला. अंगभर काळे, तोंडावर काळे, आणि त्या काळेपणातून रोखलेले डोळे. वेद पळवणारा हा दैत्य. त्याच्या वधासाठी विष्णूने अवतार घ्यावा एवढे त्याचे पाप मोठे. पण देव-देवता जरीच्या वस्त्रांत वावरून शिष्टसंमत मराठीत बोलत असता, हा काळ्या झग्यातला चोर प्रेक्षकांशी त्यांच्याच मालवणीत बोलू लागतो, गावातल्या कोणा गृहस्थाची चौकशी करतो, आणि मांडीवर पोरे घेऊन बसलेल्या बाया खळखळून हसतात. त्या राज्यात सर्वांत दरिद्री कापड ज्याच्या अंगावर, तोच रयतेच्या सर्वांत जवळचा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटली, आणि गोवा ओलांडून कारवारच्या खाडीपाशी पोहोचेपर्यंत ती मनातून गेली नाही.

कारवारच्या पुढे डोंगर समुद्राच्या अगदी अंगाशी येतात, आणि शरावती ओलांडण्यापूर्वी होन्नावरच्या अलीकडे कर्की नावाचे गाव लागते. मराठी माणसाने या गावात क्षणभर तरी थांबले पाहिजे. येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले, ते पाहून तेथील संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी तसेच काही मराठीत करण्याची आज्ञा विष्णुदास भावे यांना दिली, आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आले. मराठी नाटकाच्या जन्मपत्रिकेत या माडा-पोफळींच्या गावाचे स्थान असे पक्के आहे. भाव्यांच्या नाटकांतले राक्षस 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकीत आणि हातातल्या तलवारी परजीत येत, हे आपण वाचलेले असते. पण दैत्याचे दैत्यपण केवळ आरोळीत आणि आदळआपटीत शोधण्याची ही आपली सवय कर्कीच्या मूळ परंपरेने आपल्याला दिलेली नाही, हे त्याच परंपरेतले किनाऱ्यावरचे यक्षगान पाहिल्यावर स्पष्ट होते. दैत्याच्या वस्त्राकडे जेवढे लक्ष तेथे पुरवले गेले, तेवढे आपण पुरवले नाही, आणि ही उणीव आपल्या रंगभूमीला दीर्घकाळ भोवली असे माझे मत आहे.

होन्नावरच्या पुढे गुणवंते येथे केरेमने घराण्याची, १९३४ साली स्थापन झालेली, इडगुंजी महागणपती यक्षगान मंडळी आहे. आणि या टापूतल्या पोफळीच्या बागांतून हिंडताना प्रत्येक गावात कोणी ना कोणी वेषधारी भेटतो. दुपारी एका हव्यक गृहस्थाच्या घरी पान वाढले गेले. तांदळाचा भात, गार तंबळी, कोकमाचे सार, आणि आग्रह असा की नको म्हणणे उद्धटपणाचे व्हावे. मात्र तो आग्रह शब्दांनी होत नाही, वाढणारी व्यक्ती नुसती समोर उभी राहते. आमच्या देशावरच्या पंगतीतला मोठ्या आवाजातला आग्रह ऐकून वाढलेल्या मला ही निःशब्द रीत नवीन होती. सायंकाळी तेच यजमान मला खेळाच्या चौकीत घेऊन गेले.

चौकी म्हणजे वेष चढवण्याची जागा. पण तिला केवळ रंगपटाची खोली म्हणणे तिचा मान कमी करण्यासारखे होईल. वरच्या टोकाला गणपतीची स्थापना असते, त्याच्यापुढे दिवा, आणि दोन्ही बाजूंना आपापल्या वेषाच्या मानाप्रमाणे नटांच्या बैठका. कोणत्या वेषाने कोठे बसावे याचा दस्तुर दरबारातल्या मानकऱ्यांच्या जागांइतकाच काटेकोर. तेथे मी मुंडासे बांधताना पाहिले. कापडाच्या आणि गवताच्या वळ्यांवर काळे वस्त्र, त्यावर जरीच्या पट्ट्या, एकीवर एक, प्रत्येक वेढा किंचित सरकवून, असे करीत करीत कमळाच्या कळीचा आकार नटाच्या मस्तकावरच उभा राहतो. तो शिंप्याने शिवून ठेवलेला नसतो, दररोज संध्याकाळी नव्याने बांधला जातो आणि पहाटे सोडला जातो. अभिमन्यू, बभ्रुवाहन, लव-कुश अशा कोवळ्या वीरांच्या शिरोभूषणाला केदगे मुंदले म्हणतात, आणि त्याचा आकार केवड्याच्या कणसासारखा निमुळता असतो. ज्या किनाऱ्यावर खाडीच्या कडेकडेने केवडा माजलेला असतो, तेथील कल्पनेने तरुण पराक्रमाचे चिन्ह म्हणून सोन्याचा मुकुट न निवडता ते सुगंधी, काटेरी कणीस निवडावे, यात मला त्या लोकांच्या अभिरुचीची थोरवी दिसते. थोर राजांना किरीट असतो खरा. पण तोही हलक्या लाकडाचा, वर सोनेरी वर्ख लावलेला. खांद्यांवर भुजकीर्ती, छातीवर पदकांची पट्टी, आणि कमरेखाली लाल, पिवळ्या, काळ्या चौकड्यांचे कासे घालून नेसलेले लुगडे. हे शेवटचे वस्त्र पाहून मी थबकलो, कारण चौकड्यांचे असे जाडेभरडे सुती लुगडे मी आमच्याकडच्या शेतकरी बायांच्या अंगावर पाहिलेले आहे, आणि येथे ते अर्जुनाच्या कमरेला होते.

ज्यांनी ही वस्त्रे नामशेष होण्यापासून वाचवली त्यांत शिवराम कारंत यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. उडुपीच्या उत्तरेस कोटा हे त्यांचे जन्मगाव. कादंबरीकार म्हणून त्यांची कीर्ती देशभर पसरलेली आहे. परंतु गावोगावच्या चौक्यांत बसून वेष, ताल आणि पदे यांची टिपणे घेणारा हा माणूस मला अधिक वंदनीय वाटतो. त्यांच्या 'यक्षगान बयलाट' या ग्रंथाला १९५९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कंपनी नाटकांच्या झगमगाटाचे अनुकरण करीत मखमल आणि टिकल्या जुन्या वेषांत शिरू लागल्या होत्या. कारंतांनी त्याविरुद्ध आपले वजन खर्च केले. त्यांची तळमळ मला पूर्णपणे पटते. शंभर वेढ्यांच्या मुंडाशाऐवजी तयार टोपी डोक्यावर ठेवता येते, आणि दुरून पाहणाऱ्याला फरक कळणारही नाही. पण बांधण्याचे ज्ञान बोटांत असते, आणि एक पिढी बांधली नाही की पुढच्या पिढीला ते कोठेही लिहिलेले सापडत नाही.

उडुपीच्या रथबीदीवर सकाळी गजऱ्यांचा बाजार भरतो. जवळच्या शंकरपुरा भागातल्या मोगऱ्याला येथे फार मान आहे, आणि कामाला निघालेल्या बायका, मग त्या बँकेत जाणाऱ्या असोत वा मासळीच्या पाट्या नेणाऱ्या, तो गजरा माळल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. आदल्या रात्री यक्षगानातल्या द्रौपदीच्या केसांत हाच गजरा होता. तेव्हा माझ्या ध्यानी एक गोष्ट आली, आणि ती आल्यावर मी पाहिलेले सगळे खेळ तिच्या प्रकाशात पुन्हा पाहू लागलो. पुराणलोकीचे पुरुष अलौकिक वेषात वावरतात. त्यांच्या खांद्यांना पंख, मस्तकी मनोरे, चेहऱ्यावर रंगांची अरण्ये. पण तेथील कुलीन स्त्रिया मात्र जवळजवळ आपल्या घरातल्या स्त्रियांसारख्याच नेसतात. साडी, अंबाडा, नथ किंवा बुगडी, थोडे अधिक कुंकू, बस्स. अद्भुताचा अधिकार स्त्रीला मिळतो तो केवळ राक्षसी झाल्यावर. परंपरेने या भूमिका पुरुषच करीत आले, आणि कुलस्त्रीचा वेष हा आपल्या घराच्या अब्रूचा भाग असल्याप्रमाणे त्यांनी तो जपला.

याची उलट बाजू महाराष्ट्राने पाहिलेली आहे. बालगंधर्व रुक्मिणी किंवा सुभद्रा होऊन रंगभूमीवर येत, तेव्हा त्यांची साडी नेसण्याची ढब, अलंकारांची निवड आणि केसांची ठेवण पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया उचलीत. किनाऱ्यावर घरातली स्त्री पुराणात गेली. आमच्याकडे पुराणातली स्त्री, एका पुरुषाच्या देहाचा आश्रय करून, घरात आली. दोन्ही लोकांच्या सीमेवर जकातनाके नाहीत, आणि कापडाची ये-जा दोन्ही दिशांनी चालते.

मंगळूरच्या बाजूस उतरलो तसे दैत्य मोठे होऊ लागले. येथील यक्षगानाच्या तेंकू तिट्टू परंपरेत राक्षसाच्या वेषाला बण्णद वेष म्हणतात, आणि तो चढवण्यास रात्रीचा मोठा भाग लागतो: रंगांच्या पटलांवर तांदळाच्या पिठाचे आणि चुन्याचे बारीक काटे, ओळीने, एकेक करून, चेहराभर उभारले जातात. कटीलच्या दुर्गापरमेश्वरीच्या मेळ्यांचे खेळ लोक नवसाने लावतात, आणि नवस फेडण्यासाठी पाळी येईपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहतात. देवीमाहात्म्याच्या खेळात महिषासुर रंगस्थळाच्या मागून येत नाही. तो प्रेक्षकांच्या पाठीमागच्या काळोखातून, पेटत्या दिवट्यांच्या आणि राळेच्या उसळत्या ज्वाळांच्या मधून, शिंगे उगारीत येतो, आणि त्याला वाट करून देण्यासाठी आख्खे गाव दुभंगते. माझ्या शेजारी बसलेल्या वृद्धेने तो जवळून जाताना हात जोडले. ज्याचा वध पाहण्यासाठी तिने नवस केला, त्याच्या वेषालाही तिने नमस्कार केला, आणि त्यात तिला काही विसंगत वाटले नाही.

कण्णूरच्या परिसरात तेय्यम पाहिले, त्याबद्दल येथे थोडेच लिहितो, कारण तो वेष नाट्याच्या कक्षेत बसत नाही. कोवळ्या माडाच्या झावळ्यांचे वस्त्र आणि प्रचंड मुकुट चढल्यावर तो पुरुष आरशात पाहतो, आणि त्या क्षणापासून उपस्थितांच्या दृष्टीने तो माणूस उरत नाही. मग जातीने आणि धनाने मोठे असलेले लोकही त्याच्यापुढे वाकून आपले गाऱ्हाणे घालतात. उजाडल्यावर झावळ्या सुकतात.

आपल्या घरच्या भिंतीवरचे देव मात्र निराळ्या वाटेने आले, आणि केरळच्या हद्दीत शिरताना त्यांची आठवण होणे अपरिहार्य होते, कारण त्यांचे शिंपी याच भूमीतले. किळिमानूरच्या राजा रविवर्म्याकडे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपवले, तेव्हा त्या पात्रांना कोणते वस्त्र द्यावे या शोधात त्याने उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला. निर्णय झाला तो साडीच्या बाजूने. पुढे १८९४ साली मुंबईत त्याचा छापखाना निघाला, तो कालांतराने लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती हिंदुस्थानच्या घराघरांत पोहोचल्या. त्याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' आले. आणि अशा रीतीने पुराणलोकीच्या अनेक पेहरावांपैकी एकच पेहराव सर्व देशाचा झाला. रविवर्म्याच्या कर्तृत्वाबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु त्याच्या मायभूमीतच, त्याच्या कितीतरी आधीपासून, देवदानवांना माणसांच्या कपड्यांत बसवण्याचे साफ नाकारणारी एक विद्या नांदत होती, आणि देशाने तिच्याकडे पाहण्याऐवजी दिनदर्शिकेकडे पाहिले, याची मला खंत वाटते.

त्या विद्येचे पीठ म्हणजे भारतप्पुळेच्या काठचे चेरुतुरुत्ती. महाकवी वळ्ळत्तोळ आणि मुकुंदराजा यांनी १९३० मध्ये स्थापन केलेले केरळ कलामंडलम येथे आहे. कथकळीच्या रंगपटात, ज्याला अणियरा म्हणतात, समईच्या उजेडात नट चटईवर उताणा पडलेला असतो आणि चुट्टी घालणारा कारागीर त्याच्या हनुवटीच्या कडेने तांदळाच्या पिठाची आणि चुन्याची पांढरी महिरप उभारीत असतो. हरताळासारख्या खनिजाच्या पिवळ्यात निळा मिसळून हिरवा रंग खलला जातो. चुंडा नावाच्या झाडाच्या फुलातला बारीक दाणा पापणीखाली ठेवतात, तेव्हा डोळ्यांत रक्तिमा उतरतो. दुपारी माझ्या पानावर जो भात वाढला गेला होता, तोच तांदूळ रात्री भीमाच्या मुखाभोवती चंद्रकोर होऊन बसला होता.

कथकळीची वेषसंहिता सर्वांत सूक्ष्म आहे. हिरवा चेहरा, म्हणजे पच्चा, हा सात्त्विक वीरांचा, लाल दाढी दुःशासनासारख्या क्रूरांची, पांढरी दाढी हनुमंताची, काळी दाढी वनचरांची, आणि अर्जुनाची परीक्षा पाहण्यास किरात होऊन आलेला शिवही तीच लावतो, राक्षसी काळ्या, स्त्रिया आणि ऋषी यांचा चेहरा साधा, केवळ उजळलेला. पण ज्या एका वेषासाठी मी हा सारा प्रवास पुन्हा करीन, तो कत्ती वेष. रावण, दुर्योधन, कीचक या वेषात येतात. त्यांच्या चेहऱ्याची भूमी हिरवीच असते, नायकाचीच. तोच किरीट, तोच घेर, तीच उत्तरीये. फक्त मिशीच्या जागी पांढऱ्या कडेची, सुरीच्या पात्यासारखी वर वळलेली लाल पट्टी, आणि नाकाच्या शेंड्यावर व कपाळावर एकेक पांढरा गोळा. कुळाने, विद्येने आणि शौर्याने हा पुरुष नायकाच्या बरोबरीचा आहे, त्याच्या हिरव्यात कोठेतरी लाल शिरला आहे, एवढेच ही रंगलिपी सांगते. दैत्याला समूळ परका न ठरवता त्याला आपल्याच वस्त्रात उभे करणारी ही न्यायबुद्धी मला इतर कोणत्याही रंगभूमीवर इतक्या स्पष्ट रूपात आढळलेली नाही. नायक मौन पाळतात. या वेषाला मात्र गर्जना करण्याची मुभा आहे.

स्त्रियांच्या पेहरावाबद्दल उडुपीस जो विचार मनात आला होता, त्याला येथे एक प्रत्यक्ष उत्तर मिळाले. तृप्पुणित्तुरा येथे १९७५ पासून स्त्रियांचीच कथकळी मंडळी आहे, आणि कलामंडलमनेही २०२१ पासून मुलींना कथकळीच्या शिक्षणासाठी प्रवेश दिला. अणियऱ्यात एक तरुण मुलगी दुर्योधनाचा वेष चढवीत होती. तिच्या कमरेभोवती कांजी दिलेल्या कापडांचे थरावर थर बांधले जात होते, दोन माणसे दोरी आवळीत होती, आणि घेर वाढत वाढत असा झाला की ती दारातून सरळ जाऊ शकली नसती. स्त्रीपात्राचा ललितवेष न घेता हा का घेतला, असे मी दुभाष्यामार्फत विचारले. ती म्हणाली, तिच्या आजीने मंदिराच्या आवारात रात्र रात्र जागून दुर्योधन पाहिला होता, आणि तो कसा बांधतात हे आपल्याला पाहू देत नाहीत, अशी तक्रार ती जन्मभर करीत आली. आज ती पुढच्या ओळीत बसणार आहे. एवढ्यात वेषगाराने मागे सरून घेराकडे पाहिले, डावी बाजू दोन बोटे उतरली आहे असे सांगितले, आणि सगळी दोरी सोडून पहिल्या थरापासून पुन्हा बांधावयास घेतले.